पाटी लागल्यानंतरचं पहिलं वर्ष

सांगली जिल्ह्यातल्या तासगाव-पलूस भागात मी बरीच वर्षं फॅमिली डॉक्टर म्हणून बसते. मिरज-सांगलीहून किंवा कराडहून एमबीबीएस आणि इंटर्नशिप संपवलेली मुलं-मुली अधूनमधून भेटायला येतात. गाळा कुठे घ्यावा, ईसीजी मशिन लगेच घ्यावं का, फी किती ठेवावी, असे त्यांचे प्रश्न असतात. त्याबद्दल खाली लिहिते. पण आधी एक सांगते, कारण बाकी सगळं त्याच्याभोवती बसवायचं आहे.

समोर बसलेल्या प्रत्येक माणसाबद्दल तुम्हाला तीनपैकी एक ठरवायचं असतं. ह्याचं इथेच भागेल, ह्याला अमुक दिवशी परत बघायचं, किंवा ह्याला आत्ताच्या आत्ता पुढे पाठवायचं. निदान पहिल्या भेटीत पक्कं होईलच असं नाही. दोन दिवसांच्या तापातून डेंग्यू निघेल, टायफॉइड निघेल की साधा व्हायरल, हे पुढच्या दोन-चार दिवसांत दिसतं. वॉर्डात पेशंट कॉटवर असतो, रात्री दोनला जाऊन परत बघता येतं, सिनियर शेजारच्या खोलीत असतो. तुमच्या दवाखान्यातून उठलेला माणूस मळ्यातल्या वस्तीवर जातो. तिथे मोबाइलला रेंज नसते आणि घरातली एकुलती गाडी घेऊन धाकटा भाऊ कामावर गेलेला असतो. तो उठण्याआधी तुमचं ठरलेलं पाहिजे.

पाटी लावण्याआधी

सरकारी कॉलेजमधून शिकलेल्यांना एक वर्षाच्या सरकारी सेवेचा बाँड असतो आणि तो न केल्यास १० लाख रुपये भरावे लागतात. पैसे भरून मोकळं व्हायचा विचार करू नका. सपाटीच्या भागात एका प्राथमिक आरोग्य केंद्राकडे साधारण ३०,००० लोकसंख्या असते. तिथे लसीकरण, बाळंतपण, सर्पदंश, कुत्रा चावलेली पोरं, सगळं एका वर्षात हाताखालून जातं. आशाताई तुम्हाला ओळखायला लागतात, ही पुढच्या आयुष्याची कमाई आहे. बाँड नसेल तर एखाद्या जुन्या डॉक्टरांच्या शेजारी सहा महिने खुर्ची टाकून बसा. ते काय लिहून देतात यापेक्षा ते कोणाला परत बोलावतात आणि कोणाला बघताक्षणी गाडीत घालतात, ते बघा.

कागदपत्रांचं थोडक्यात. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलची नोंदणी दर पाच वर्षांनी नूतनीकरणाला येते, त्यासाठी परिषदा-कार्यशाळांना हजर राहून मिळणारे ३० क्रेडिट लागतात. ती शेवटच्या महिन्यात गोळा करायला जाऊ नका. जैववैद्यकीय कचऱ्यासाठी प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी घ्या आणि कचरा नेणाऱ्या संस्थेशी करार करा. सुया पांढऱ्या न टोचणाऱ्या डब्यात, कापूस-बँडेज पिवळ्यात, सुई काढलेली सिरिंज आणि नळ्या लालमध्ये, काचेच्या बाटल्या निळ्यात. हे मदतनीसाला पहिल्याच आठवड्यात शिकवा. सुई टोचली तर ती त्याला टोचते. कॉट टाकून पेशंट ठेवणार असाल तर नर्सिंग होमची वेगळी नोंदणी लागते. पहिल्या वर्षी कॉट टाकूच नका, असं माझं स्पष्ट मत आहे. प्रिस्क्रिप्शनवर नोंदणी क्रमांक छापा, औषधाचं जेनेरिक नाव लिहा आणि मोठ्या, सुट्या अक्षरांत लिहा.

जागा आणि सामान

गाळा तळमजल्यावरचा घ्या. तुमचे निम्मे पेशंट गुडघे धरून येणार आहेत. दारातून स्ट्रेचर आत येतं का ते मोजून बघा. तपासणीच्या टेबलाजवळ खिडकी हवी, कारण ट्यूबलाइटच्या उजेडात डोळ्यांतली फिकट कावीळ दिसत नाही. संडास-बाथरूम पेशंटला वापरता येईल असं हवं, नाहीतर लघवीची तपासणी सांगूनही होत नाही. पडदा हवाच, आणि तो ओढल्यावर पलीकडे बाकावर बसलेल्यांना बोलणं ऐकू जाता कामा नये. गावात बाकावर बसलेली बाई बहुधा आतल्या बाईची जाऊ किंवा शेजारीण असते.

बीपीच्या मशिनला तीन मापांचे पट्टे घ्या. जाड दंडाला छोटा पट्टा बांधला तर बीपी खोटंच जास्त येतं आणि त्या माणसाला उगाच जन्माची गोळी लागते. ग्लुकोमीटर, पल्स ऑक्सिमीटर, नेब्युलायझर, कान बघायचं यंत्र, बाळाचा वजनकाटा, लघवीच्या पट्ट्या, गरोदरपणाची पट्टी एवढं पहिल्या दिवशी असू द्या. ईसीजी मशिन कर्ज काढावं लागलं तरी घ्या. फर्निचर नंतर करा.

इमर्जन्सीचा ट्रे हाताच्या अंतरावर ठेवा, कुलपात नको. ॲड्रिनॅलिन, हायड्रोकॉर्टिझोन, ॲट्रोपिन, २५ टक्के डेक्स्ट्रोज, ॲस्पिरिन, साल्ब्युटामॉल, झटक्यांसाठी मिडाझोलॅम, सलाइन, इंट्राकॅथ, ऑक्सिजन. इंजेक्शननंतर अंगावर गांधी उठून श्वास लागला आणि बीपी पडायला लागलं, तर मोठ्या माणसाला अर्धा मिलि ॲड्रिनॅलिन मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत द्यायचं, लगेच. हा डोस ट्रेच्या झाकणावर मोठ्या अक्षरात चिकटवून ठेवा, म्हणजे त्या क्षणी आठवावं लागणार नाही. दर महिन्याच्या एक तारखेला ट्रेमधल्या तारखा तपासा.

कोणाला पाठवायचं, कसं पाठवायचं

आपल्या जिल्ह्यात पेशंटला मोठ्या डॉक्टरची कमतरता नाही. मिरजेत एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी वानलेस या मिशनरी डॉक्टरांनी मिशनचं हॉस्पिटल उभं केलं, तेव्हापासून कर्नाटकातनंही लोक तिकडे उपचाराला येतात. आता सांगली-मिरजेच्या रस्त्यांवर प्रत्येक अवयवाचा तज्ज्ञ आहे. त्यामुळे गुडघे दुखले की माणूस थेट हाडांच्या डॉक्टरकडे, छातीत धडधडलं की हार्टच्या डॉक्टरकडे, आणि घरी तीन-चार फायलींचा गठ्ठा. ह्या सगळ्या फायली एकत्र कोणीच बघत नाही. ते काम तुमचं. नव्या पेशंटला सांगा, घरात चालू असलेली सगळी औषधं पिशवीत घालून आणा. पिशवी टेबलावर ओता. एकाच वेदनाशामकाच्या दोन कंपन्यांच्या गोळ्या, त्यात बीपीची गोळी आणि वर शुगर, असं निघालं की क्रिएटिनिन, म्हणजे किडनीची तपासणी, करायला सांगा. त्या पिशवीत पांढऱ्या गोळ्यांची बिननावाची पुडी असेल आणि माणूस म्हणत असेल, “ह्यानं लई बरं वाटतं, भूक बी लागती,” तर चेहऱ्यावरची सूज आणि पोटावरचे जांभळे पट्टे बघा. स्टेरॉइड असू शकतं. तसं वाटलं तर ती पुडी एकदम बंद करायला सांगू नका. हळूहळू उतरवायची असते.

आता तातडीचं. पन्नाशीचा शुगरवाला शेतकरी येतो. “बाई, पित्त झालंय, सोडा पिऊन बी जाईना.” छाती दुखते असं तो म्हणणार नाही. त्याला घाम आहे का, जबडा किंवा डावा दंड भरून आलाय का ते विचारा आणि पित्ताची गोळी द्यायच्या आधी ईसीजी काढा. दहा मिनिटांच्या आत. बदल दिसले तर ॲस्पिरिन ३२५ चावून खायला द्या. जिभेखालची गोळी बीपी बघूनच. ईसीजीचा फोटो ओळखीच्या फिजिशियनला पाठवा आणि त्यांचा फोन येईपर्यंत गाडी बोलावून ठेवा. ईसीजी नॉर्मल आला तरी माणूस बघून शंका जात नसेल तर पाठवा.

अंगावरून वारं गेलं म्हणून कोणाला आणलं तर पहिला प्रश्न एकच: शेवटचं नीट कधी बघितलं होतं? झोपेतून उठताना दिसलं असेल तर झोपायच्या आधीची वेळ धरायची. गुठळी विरघळवायच्या इंजेक्शनला साडेचार तासांची मुदत असते आणि आधी सीटी स्कॅन लागतो. म्हणून जिथे सीटी आहे आणि ते इंजेक्शन देतात तिथेच थेट पाठवा. वाटेत दोन दवाखाने फिरवले की मुदत संपते. साखर मात्र दारातच तपासा, कारण साखर कमी झाली तरी हुबेहूब असंच दिसू शकतं.

साप चावला तर आवळपट्टी सोडवताना सावध राहा, चिरा देऊ देऊ नका, हातपाय हलू न देता पाठवा. घोणस चावली की सूज आणि रक्त दिसतं, कोणी शंका घेत नाही. मण्यार फसवते. जमिनीवर झोपलेला माणूस पहाटे पोट दुखतं, घसा दुखतो म्हणून उठतो. अंगावर दाताची खूण सापडत नाही. पापण्या जड होऊन डोळे मिटायला लागले की समजा आणि श्वासाकडे लक्ष ठेवा. पावसाळ्यात पहाटे पोटदुखीने आलेल्या प्रत्येकाला विचारा, रात्री कुठे झोपला होतात? प्रतिविष सरकारी दवाखान्यात मिळतं. जवळच्या कुठल्या रुग्णालयात ते शिल्लक आहे आणि रात्री तिथे डॉक्टर असतात का, याची चौकशी पावसाळा सुरू व्हायच्या आधी स्वतः जाऊन करा.

पाठवताना चिठ्ठी द्या. त्यात किती वाजता आले, बीपी-नाडी-ऑक्सिजन किती, काय दिलं आणि किती वाजता, कशाची ॲलर्जी, आधीचे आजार, तुमचा मोबाइल नंबर. चिठ्ठीचा फोटो काढून ठेवा. नातेवाइकांना रेशनकार्ड आणि आधारकार्ड बरोबर घ्यायला सांगा. महात्मा फुले योजनेत आता राज्यातली सगळी कुटुंबं येतात, वर्षाला ५ लाखांपर्यंत, पण योजनेतल्या रुग्णालयात आणि यादीतल्या उपचारांनाच. कोणतं रुग्णालय योजनेत आहे ते तुम्हाला आधी माहीत असलं तर एका कुटुंबाचं कर्ज वाचतं. १०८ ला फोन मदतनीसानं करावा, तुम्ही पेशंटजवळ थांबा.

आणि पाकीट. पेशंट पाठवलात की काही ठिकाणांहून महिन्याच्या शेवटी पाकीट येतं. ते पहिल्याच वेळी परत करा, नम्रपणे आणि स्पष्ट शब्दांत. नियमाने तो गैरव्यवहार आहेच. पण मला त्याहून मोठं वाटतं ते हे, की पाकीट घेतल्यावर 'ह्याला पाठवायचं का' हा प्रश्न तुम्ही स्वतःलाही नीट विचारू शकत नाही. तुमच्या कामातली सगळ्यात मोलाची गोष्टच त्यात जाते.

परत बोलावणं

“बरं नाही वाटलं तर या” हे वाक्य बोलायचं नाही, असं मी माझ्याकडे बसणाऱ्या प्रत्येकाला सांगते. शेतकऱ्याला पाणी पाळीच्या रात्री मोटर चालू करायला उठावं लागतं. त्याला बरं वाटतच नसतं, तरी तो काम करतो. म्हणून दिवस आणि वेळ सांगा. “गुरुवारी बाजाराला याल तेव्हा सकाळी दहाला दाखवून जा.” बाजाराचा दिवस सोडून बोलावलंत तर एक दिवसाची मजुरी बुडते आणि तो येत नाही. त्याआधी काय दिसलं तर थांबायचं नाही, हेही सांगा आणि घरातल्या बाईला सांगा, कारण लक्ष तीच ठेवते.

डेंग्यूचं उदाहरण घ्या. ताप उतरला की घरचे खूश होतात. खरी काळजीची वेळ तेव्हाच, तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या मध्ये असते. पोटात सतत दुखणं, उलट्या न थांबणं, हिरड्यांतून रक्त, लघवी कमी होणं, माणूस गळून जाणं किंवा उगाच तळमळणं, यातलं काहीही दिसलं तर रात्रीसुद्धा निघायचं. पॅरासिटॅमॉलशिवाय तापावर दुसरं काही नको, डायक्लोफेनॅक या वेदनाशामकाची सुई तर नकोच. तापाच्या पेशंटला “ताप गेला तरी दुसऱ्या दिवशी दाखवायला या” असं सांगितलं पाहिजे.

दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल तर बेडका तपासायला पाठवा. तोपर्यंत लिव्होफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक लिहू नका. त्याने थोडं बरं वाटतं आणि टीबी झाकला जातो. टीबी निघाला तर निक्षय या सरकारी पोर्टलवर नोंद करणं खाजगी डॉक्टरलाही बंधनकारक आहे. पेशंटला आहारासाठी महिन्याला १,००० रुपये बँक खात्यात मिळतात. हे त्याला सांगा आणि घरातली लहान मुलं तपासायला आणायला सांगा.

नोंदी कॉम्प्युटरवर ठेवा किंवा वहीत, पण एका घराचं एक पान ठेवा. आजोबांची शुगर, काकूंचा टीबी, सुनेचं दुसरं सिझेरियन, नातवाची लस, सगळं एका पानावर. सून थकवा येतो म्हणून येते आणि पान उघडल्यावर दिसतं की घरात अंथरुणाला खिळलेली सासू आहे, तेव्हा हिमोग्लोबिनबरोबर रात्री झोप किती मिळते तेही विचारलं जातं. शुगरच्या पेशंटच्या पायातल्या चपला दर भेटीला काढायला सांगा. तळव्याच्या भेगेत रुतलेला खडा त्याला जाणवत नाही.

बाई एकटी बोलू शकेल एवढा वेळ काढा. “तुम्ही जरा बाहेर बसा, मला तपासायचं आहे,” असं नवऱ्याला आणि सासूलाही सांगायची सवय लावून घ्या. सगळ्यांनाच सांगता म्हटल्यावर कोणाला राग येत नाही. पांढरं जातंय, कंबर दुखते, तर गर्भाची पिशवी काढून टाकावी का, असं तिशीतली बाई विचारेल. आधी नीट तपासा, साध्या उपचाराने बहुतेकींचं बरं होतं. आणि “नुसतं काय आहे तेवढं कळलं तर बरं,” असं कोणी सोनोग्राफीबद्दल पुटपुटलं तर तिथेच थांबवा. २०१७ साली आपल्याच जिल्ह्यात म्हैसाळला १९ भ्रूण पुरलेले सापडले. ह्या विषयात ओळखीच्या माणसालाही सवलत देऊ नका. अल्पवयीन मुलगी गरोदर असेल तर पोलिसांना कळवणं कायद्याने भाग आहे. ते तिच्या आईला आधी शांतपणे समजावून सांगा, म्हणजे ती मुलीला घेऊन पळून जाणार नाही.

आपल्याकडचे हंगाम

ऑक्टोबर छाटणीनंतर द्राक्षाच्या काडीला डोळे, म्हणजे कोंब, फुटावेत म्हणून हायड्रोजन सायनामाइडची पेस्ट लावतात. पेस्ट लावलेल्या मजुराने संध्याकाळी दारू घेतली तर चेहरा लाल होतो, डोकं फुटायला येतं, नाडी धावते, बीपी पडतं. दारू जास्त झाली म्हणून त्याला घरी पाठवू नका. दिवसभर काय काम केलं ते विचारा, झोपवून ठेवा, सलाइन लावून पुढे पाठवा. पेस्टचं काम चालू असताना आणि त्यानंतरही काही दिवस दारू नको, हे बागायतदारालाच बोलावून सांगा, मजुराला तो सांगेल. फवारणीवाला घाम, लाळ, डोळ्यांच्या बारीक बाहुल्या घेऊन आला तर कपडे काढून साबणाने धुवा, ॲट्रोपिन चालू करा आणि औषधाची बाटली लेबलसकट पेशंटबरोबर पाठवा.

कारखाने सुरू झाले की बीडकडची, नगरकडची ऊसतोड मंडळी कोप्या टाकतात. पुढच्या गुरुवारी ती दुसऱ्या फडावर असतील. त्यांना परत बोलावण्यात अर्थ नाही. उपचार कमी दिवसांचा आणि पूर्ण द्या, कागदावर स्पष्ट लिहून हातात द्या, म्हणजे पुढच्या गावच्या डॉक्टरला वाचता येईल. मुलांची लस आणि गरोदर बायकांची तपासणी यासाठी आशाताईंना त्याच दिवशी फोन करा.

कृष्णेला पूर येतो. २००५, २०१९, २०२१, हे आपण पाहिलं आहे. पाण्यात-चिखलात फिरलेल्यांना लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) होऊ नये म्हणून डॉक्सिसायक्लिन २०० मिलिग्रॅम आठवड्यातून एकदा, गरोदर बायका आणि लहान मुलं सोडून. पूर ओसरल्यावर पोटऱ्या दुखून ताप आला आणि डोळे लाल झाले तर वाट बघू नका. शुगर-बीपीच्या पेशंटची यादी जुलैच्या आधीच काढून ठेवा. छावणीत गेलेल्या माणसाच्या गोळ्या घरात पाण्याखाली असतात.

नाही म्हणताना

“मॅडम, एक सलाइन चढवा की, अंगात त्राण न्हाई.” हे रोज ऐकाल. रागावू नका. त्याला थकवा खरोखर आलेला आहे आणि कोणीतरी आधी सलाइन लावून त्याला बरं वाटवलेलं आहे. नाडी बघा, जीभ बघा, रक्त तपासा, मग सांगा की एका बाटलीत पाणी आणि थोड्या मीठ-साखरेपेक्षा जास्त काही नाही आणि तेच पोटातून देता येतं. हे सांगायला पाच मिनिटं जातात. पहिले काही महिने काही लोक दुसरीकडे जातील. त्यांची मुलं आजारी पडली की ते परत येतात, हे मी पाहिलं आहे. शेजारच्या डॉक्टरांबद्दल, त्यांची पदवी कोणतीही असो, पेशंटसमोर वाईट बोलू नका. काही शंका असेल तर त्यांना फोन करा.

फी पाटीवर लिहा. उधारीची वही ठेवावी लागेल. ऊसबिल हप्त्यांनी येतं आणि पैसेही त्याप्रमाणे येतात. मागच्या उधारीमुळे कोणी मूल दाखवायला यायचं थांबत असेल तर ती उधारी सोडून द्या आणि तसं त्याला स्पष्ट कळवा.

शनिवारी दुपारी वही उघडून आठवड्यात परत यायला सांगितलेल्यांची नावं बघा. जे आले नाहीत त्यांना मदतनीसाने फोन करावा, फोन लागला नाही तर आशाताईंना निरोप. गावाला जाणार असाल तर दारावर नुसतं 'दवाखाना बंद' लिहू नका. त्या दिवसांत कोण बघणार त्यांचं नाव आणि नंबर लिहा, आणि ज्यांना तारखा दिल्या आहेत त्यांची यादी त्यांच्याकडे देऊन जा.